अप्पांची हिफाजत

शिवलिंगअप्पा मागच्या वर्षी गेले. लातूरच्या घरी, दुपारच्या झोपेत, स्वतःच्या पलंगावर. सगळी हयात ज्यानं रस्त्याला भिण्यात काढली, त्या माणसाला रस्त्यानं कधी साधा ओरखडाही काढला नाही. बातमी कळली तेव्हा मी रडले, आणि रडता रडता मला त्यांचा रागही आला. अप्पांच्या बाबतीत माझं कायम असंच व्हायचं. त्यांच्यावर माया करायची तरी आधी चिडावं लागायचं.

नांदेडला त्यांचं घर आमच्या समोर. मूळचे मुखेडचे. तिथं त्यांचं सरकी पेंडीचं दुकान होतं. मुलगा मल्लिनाथ नांदेडला नोकरीला लागला तसं दुकान पुतण्याकडं सोपवून अप्पा आणि त्यांची बायको अक्का मुलाकडं राहायला आले. मल्लिनाथदादा, त्याची बायको संगीतावहिनी, त्यांची मुलगी गौरी आणि हे दोघं, असं पाच माणसांचं घर. अक्कांचं माहेर लातूरचं, त्यामुळं लातूरची फेरी सारखी व्हायची. माझी आत्याही लातूरला, म्हणून अक्का मला हट्टानं सोबत न्यायच्या. खरं कारण त्यांनी एकदा सांगून टाकलं. "तू असलीस की मालक तुझ्याशी भांडत बसतेत. आम्हाला जरा डोळा लागतो."

भांडणाला विषय शोधावा लागायचा नाही. आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. बाबा मोर्चाहून परतले की पिशवीत उरलेला गठ्ठा माझ्या हाती द्यायचे आणि मी तो मोठ्यानं वाचायची. अप्पांचं म्हणणं, पोरीच्या जातीनं एवढं छापील वाचू नये, डोकं तापतं. डोकं तापायचंच, पण ते अप्पांमुळं.

पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि बारा महिने बगलेत काळी छत्री. प्रवासाला निघताना त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, हिफाजत. "हिफाजतीनं चला." "हिफाजतीनं बसा." निजामाचं राज्य जाऊन किती काळ लोटला, पण तो शब्द अप्पांनी सोडला नव्हता. स्टँडवर आले की ते छत्रीच्या टोकानं एकेका पिशवीला शिवायचे, मग त्याच टोकानं एकेका माणसाला. गौरीच्या कानातलं घरीच उतरवून घ्यायचे. अक्कांना खिडकीशी बसू द्यायचे नाहीत. खिडकीतून हात घालून गळ्यातलं ओढतात म्हणे. परक्याच्या बाटलीचं पाणी बंद. भेळ बंद. उसाचा रस बंद, का तर त्यात गुंगीचं औषध टाकतात. गाडीत एकानं झोपायचं आणि एकानं जागं राहायचं, हा नियम त्यांचाच. आणि गाडीनं स्टँड सोडायच्या आत घोरायला लागायचे तेही तेच.

इथपर्यंत हसून सोडून देता आलं असतं. पण सगळ्यात वरचा नियम वेगळा होता. एका गाडीत सगळं घर बसवायचं नाही.

अप्पा, अक्का, संगीतावहिनी आणि गौरी एका एसटीत. मल्लिनाथदादा एकटा मागच्या एसटीत. हे दर खेपेला. लातूरचं तिकीट काढायला सगळे एकाच रांगेत उभे राहायचे, एकाच टपरीवर चहा प्यायचे, आणि मग गाडी लागली की मल्लिनाथदादा खाली उभा राहून परगावी सोडायला आल्यासारखा हात हलवायचा. संगीतावहिनीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नवऱ्याच्या शेजारी बसून गावाला गेली असं कधी घडलंच नव्हतं. "आमची जोडी स्टँडपुरती," ती मला म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण तेव्हा ती बाहेर बघत होती.

लोह्याची गोष्ट सांगते, म्हणजे अप्पा काय चीज होती ते कळेल.

अनोळखी माणसाला आपण कुठं निघालो ते कधी सांगायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. कुणी विचारलंच तर खोटं सांगायचं. त्या दिवशी लातूरच्या गाडीत शेजारच्या बाकावर एक शेतकरी बसला होता. मांडीवर शेवग्याच्या शेंगांचा भारा, तोंडावर भोळं हसू.

"कुठं निघालाव मालक?"

"देगलूरला," अप्पा म्हणाले.

तो माणूस ताडकन उठला. "आन् ह्या गाडीत कामून बसलाव? ही लातूरची हाय की!"

"हाव. आस्तंय. जाती ती बी."

"जाती कशी? देगलूर तिकडं ऱ्हायलं!" मग तो पुढं बघून ओरडला, "ओ मास्तर! म्हाताऱ्या बाबाला चुकीच्या गाडीत घातलंय हो! सोबत लेकरंबाळं हायेत!"

सगळी गाडी मदतीला धावली. आपल्याकडं मदत सुरू झाली की ती आवरत नाही. एका बाईनं अक्कांच्या पाठीवर हात फिरवला. कंडक्टर आला आणि त्यानं तिकिटं बघितली. "तिकीट तर लातूरचं हाय."

आता तरी खरं बोलायचं! मी तोंड उघडलं, तर छत्रीचं टोक माझ्या पायावर आलं. अप्पा म्हणाले, "चुकून मागितलं."

कंडक्टर चांगला माणूस होता. त्यानं लोह्याला आम्हाला स्वतः हात देऊन उतरवलं आणि नांदेडची परतीची गाडी कुठं लागते तेही दाखवलं. शेवग्याच्या शेंगावाला खिडकीतून सांगत होता, "पुढच्या टायमाला इचारून बसा, मालक!" अप्पांनी त्याला हात जोडले.

आम्ही उन्हात उभे. अक्कांनी पदरानं तोंड झाकलं होतं. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला अजून माहीत नाही. थोड्या वेळानं मागची गाडी आली. ती निम्मी रिकामी होती. खिडकीत मल्लिनाथदादा. आपलं अख्खं घर लोह्याच्या स्टँडवर पिशव्यांसकट उभं बघून तो घाबरून दाराशी आला. "अप्पा, काय झालं? चढा, चढा!"

"तू जा!" अप्पांनी छत्री उगारली. "उतरू नको! आमी मागून येताव."

"अप्पा, जागा हाय..."

"जागेचं मला नको सांगू. जा म्हणलं न!"

आणि ती रिकामी गाडी आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. संगीतावहिनी तिच्या मागच्या धुळीकडं बघत राहिली. गौरी म्हणाली, "आजोबा, मला भूक लागली." डबा मल्लिनाथदादाच्या पिशवीत होता.

तिथं मी भडकले. म्हटलं, अप्पा, हा काय वेडेपणा आहे? दोन गाड्या केल्यानं कोण वाचतं? रस्ता तोच, खड्डे तेच. अप्पा पिशवीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मुखेडला आमच्या दुकानाशेजारी एक घर होतं. लग्नाहून परत येताना सगळं घर एका जीपमधी. ट्रकनं उडवलं. दाराला भलंमोठं कुलूप, आन् उघडाया माणूस न्हाई. गोठ्यात म्हशी वरडून राहिल्या. दोन दिस मी भिताडावरून उतरून त्यांना चारा टाकला, धार काढली. दूध कुनाला द्यावं कळंना. मंग पोलिसांनी कुलूप तोडलं. तो आवाज माझ्या कानात हाय, पोरी. माझ्या घराचं कुलूप तसं तोडाया लागू नये."

 पण गोष्ट मनाला लागली म्हणून त्यांचं म्हणणं बरोबर ठरत नाही. परतीच्या वाटेवर मी विचार करत राहिले आणि जे दिसलं त्यानं मला जास्तच चीड आली. अप्पा घर दोन गाड्यांत वाटत होते, पण वाटणीत एका बाजूला कायम एकटा मल्लिनाथ. अप्पा स्वतःला धरून बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. मुलगा उरला म्हणजे घर उरलं. अक्का, वहिनी, गौरी या सामानासारख्या एकाच गाडीत भरायच्या. आपल्या शेकडो घरांत हाच कायदा चालतो, फक्त अप्पांनी तो एसटीच्या स्टँडवर उघडा करून दाखवला होता. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या पत्रकात लिहिलंय का?" म्हटलं, नाही, तुमच्या तिकिटांत लिहिलंय.

या सगळ्याचा निकाल लागला तो लातूरच्या लग्नाला जाताना.

अक्कांच्या भाच्याचं लग्न. आहेर, फराळाचे डबे, नातेवाईक, म्हणून भाड्यानं दोन जीप केल्या. पुढच्या जीपमध्ये अप्पा आणि पुरुषमंडळी. मागच्या जीपमध्ये आम्ही बायका. मल्लिनाथदादा नेहमीप्रमाणं एसटीनं. आमच्या जीपमध्ये माणसं इतकी कोंबली होती की गौरीला पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरला गुडघे लावून बसावं लागलं. पट्टा नव्हताच. टायर गुळगुळीत होते. मी ते अप्पांना दाखवले. ते म्हणाले, "टायराचं ड्रायव्हर बघंल. तू ध्यान ठेव, दोन्ही गाड्या एकमेकीला दिसाया पाहिजेत. नजरंआड झाली की घात."

आमचा ड्रायव्हर बालाजी हा शांत माणूस. तसा तो सावकाशच चालवत होता. पण लोहा सोडलं आणि अप्पांचे फोन सुरू झाले. "बालाजी, दिसंना गेलाव!" बालाजी एका हातानं फोन धरून, "आलोच मालक," म्हणायचा आणि गाडी पळवायचा. पुढची जीप दिसली की फोन बंद. ती वळणाआड गेली की पुन्हा फोन. गाडी वेग धरायची, डबे आदळायचे, मागच्या बायका शिवाचं नाव घ्यायच्या. हिफाजतीसाठी केलेली दुसरी गाडी आम्हाला मारायला निघाली होती, आणि दर फोनला अप्पांना वाटत होतं की आपण राखण करतोय.

अहमदपूरच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली होती. फोन वाजला. बालाजीनं तो कानाला लावला आणि ट्रॉलीला ओलांडायला गाडी बाहेर काढली. समोरून बस. तिचा भोंगा मला अंगावर जाणवला. बालाजीनं गाडी आत घेतली तेव्हा ऊस आमच्या काचेवर खरडत गेला. गौरीची किंचाळी मध्येच तुटली. तिचं कपाळ पुढच्या फळीवर आदळलं होतं.

"गाडी थांबवा," संगीतावहिनी म्हणाली.

"वहिनी, मालक चिडतेत..."

"थांबवा म्हणते न!"

गाडी थांबली. वहिनीनं गौरीला उतरवलं, अक्कांना उतरवलं, मागच्या सगळ्या बायकांना उतरायला लावलं. फोन वाजतच होता. तिनं तो बालाजीच्या हातातून घेतला. सासऱ्यासमोर मान वर न करणारी ही बाई. म्हणाली, "मामा, आम्ही उतरलोत."

"उतरलोत म्हंजे?"

"म्हंजे रस्त्यावर उभ्या हाव." आणि तिनं फोन बंद केला.

पुढची जीप उलटी फिरून आली. अप्पा गाडी थांबायच्या आतच उतरायला लागले, धोतर पायात अडकलं, सावरले. "कुणाला लागलं? काय झालं? मुहूर्त टळून राहिलाय, कामून उतरलाव?"

"तुमच्या गाडीला गाठायला बालाजीनं ट्रॉलीला कट मारला," वहिनी म्हणाली. "गौरी पुढं होती."

अप्पा बालाजीवर गेले. "तुला अक्कल हाय का न्हाई रे?"

बालाजी म्हणाला, "मालक, तुमीच तर फोन करून राहिलाव. दिसंना, दिसंना. आता दिसाया पाहिजे म्हणलं तर गाडी पळवावीच लागंल की."

अप्पा जीपचं दार उघडून म्हणाले, "बसा, बसा. नंतर बोलू."

"आत्ताच बोलायचं मामा," वहिनी म्हणाली. "दोन गाड्या कशाला केल्या?"

"हिफाजतीला. सगळे एका गाडीत नकोत म्हणून."

"सगळे म्हंजे कोण? तुम्ही त्या गाडीत. हे एसटीनं. आन् सासूबाई, मी, माझी लेक, तिघीबी हितं. आमची वाटणी कुठं केलीत?"

"अगं, घराला माणूस उराया पाहिजे..."

"मग आम्ही कोण हाव?"

रस्त्यानं ट्रक जात होते. पुरुषमंडळी दुसरीकडं बघू लागली. तेव्हा अक्का बोलल्या. अगदी सहज, भाजीत मीठ किती घालायचं ते विचारावं तशा. "मालक, समजा आम्ही तिघी गेलो, आन् तुम्ही बापलेक उरलाव. कुलूप तर उघडाल. पुढं? गॅसचं बटन कुठल्या बाजूला फिरवायचं, ते तरी ठाव हाय का?"

बायका फिसकन हसल्या. अप्पा हसले नाहीत. ते गौरीकडं बघत होते. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

"तू म्होरं कामून बसलीस?"

"मागं जागा नव्हती, आजोबा."

अप्पांनी छत्री बगलेतून काढली आणि जीपच्या चाकाशी वाकले. गुळगुळीत टायरवरून त्यांनी हात फिरवला. पुष्कळ वेळ फिरवला. मग उठून म्हणाले, "निम्म्या बाया माझ्या गाडीत या. गडी उतरतील, एसटीनं येतील. बालाजी, हळू चल. म्होरं कोण हाय ते बघू नको." मुहूर्त टळला. नवरदेवाच्या मामांनी तोंड वाकडं केलं. जेवताना वहिनीनं दोनदा जिलेबी मागून घेतली; असं मागून घेताना ती मला पहिल्यांदाच दिसली.

मला वाटलं, जिंकलो. परत आल्यावर मी अप्पांसमोर बसून समतेवर चांगलं लांबलचक बोलले. ते मान डोलवत सगळं ऐकत होते. पुढच्या फेरीला स्टँडवर गेलो तर अप्पा तिकिटं घेऊन तयार. अक्का मल्लिनाथदादासोबत पहिल्या गाडीत. गौरी अप्पांसोबत दुसऱ्या गाडीत. संगीतावहिनी आणि मी तिसऱ्या. "आता बराबर झालं न?" ते मला म्हणाले, चेहऱ्यावर पोराला पहिला नंबर मिळाल्याचं समाधान. "बाया बी वाटल्या!" मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनीनं तर माझ्याशी लातूर येईपर्यंत बोलणं टाकलं. "तुला कुणी सांगितलं होतं त्यांना समता शिकवायला?" एवढंच एकदा म्हणाली.

शेवटी काम तिनंच केलं. पुढं गौरी मोठी झाली, तिला अकरावीला लातूरला घालायचं ठरलं, मल्लिनाथदादानं बदली मागून घेतली, आणि नांदेडचं घर सोडायची वेळ आली. दादानं जुनी का होईना पण कार घेतली होती. वहिनीच्या सांगण्यावरून टायर आणि पट्टे नवे बसवून आणले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "सगळे एका गाडीत, पट्टे लावून, सावकाश. फोन कुणी उचलायचा न्हाई. हे जमत नसंल तर मी आन् गौरी हितंच राहताव."

"मी एसटीनं येतो," अप्पा म्हणाले. "तुमी चौघं जावा. एक माणूस मागं असावं."

"तुम्ही बी गाडीतच, मामा. तुम्हाला मागं ठेवून माझा जीव तिकडं टांगणीला लागंल, त्याचं काय?"

सकाळी ते आमच्या दारात आले. विभूती लावलेली, पण टोपी घालायची राहिली होती. "तू सांग तिला."

"मी तिच्या बाजूची आहे, अप्पा."

"आन् काही झालं तर?"

याचं उत्तर कुठल्या पत्रकात मला मिळालं नव्हतं. मी म्हटलं, "तर सगळ्यांचं मिळून होईल."

"तेच तर म्हणून राहिलोय मी," अप्पा म्हणाले.

आम्ही दोघं एकच गोष्ट बोलत होतो, आणि तरीही ते भांडणच होतं.  मग ते वळले, रस्ता ओलांडला आणि गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीशी जाऊन बसले. पट्टा त्यांना लावता येईना.  गौरीनं वाकून तो अडकवला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. शेजारी अक्का होत्या. पुढं मल्लिनाथदादा, आणि त्याच्या शेजारी, लग्नानंतर पहिल्यांदा, संगीतावहिनी. ती सरळ समोर बघत होती. तिनं हसू दाबून धरलं होतं.

गाडी हलली. अप्पांनी डोळे उघडले, काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"पोरी, दार लावून घे! वळखीचा आवाज आला तरी आधी नाव इचार!"

"अप्पा, डोकं आत घ्या!" मी ओरडले.

"तू आधी घरात जा!"

"तुम्ही आधी आत घ्या! मागून रिक्षा येतेय!"

"आधी तू!"

गाडी कोपऱ्यावर वळली तरी त्यांचं डोकं बाहेरच होतं, आणि मीही अजून रस्त्यातच उभी होते.